शीत सागरी हवामानातील ज्वालामुखीज किनारे : सुर्टसेचा दाखला

थंड प्रदेशात रासायनिक विदारण मंद व भौतिक विदारण प्रबळ असते, हा सिद्धान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. तो खोटा नव्हे. परंतु ज्वालामुखीज किनाऱ्यांना तो लावताना सावधगिरी बाळगावयास हवी. आइसलंडच्या दक्षिणेस सुमारे ३२ किलोमीटरांवर असलेले सुर्टसे बेट या दृष्टीने उद्बोधक आहे.

१४ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रथम दिसलेल्या सागरी उद्रेकातून हे बेट निर्माण झाले. ५ जून १९६७ रोजी उद्रेक थांबला तेव्हा त्याचे क्षेत्रफळ २.६५ चौरस किलोमीटर होते. आज त्यातील जेमतेम निम्मे उरले आहे. सुटी राख लाटांपुढे टिकली नाही, यात नवल नाही. परंतु कठीण लाव्ह्याचीही मोठी हानी झाली. लाव्हा थिजताना त्यात असंख्य संधी पडतात. लाटांचा मारा त्यांत शिरून खडकाचे ठोकळेच्या ठोकळे उखडतो. शिवाय सागरसान्निध्यामुळे येथील हिवाळी तापमान शून्य अंशाच्या आसपास घुटमळते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, आणि येथे ते एकाच हिवाळ्यात अनेकदा गोठते व वितळते. सतत गोठलेल्या प्रदेशात हे घडत नाही. खडकातील पोकळ्यांत क्षारांचे स्फटिक वाढतात, तोही ताण निराळाच.

आता विरुद्ध बाजू. बेटाच्या गाभ्यातील राखेचे रूपांतर घट्ट टफ खडकात होत असल्याचे १९६९ मध्येच आढळले. राखेतील बेसाल्टी काच पाणी शोषून घेते, कॅल्शियम व सोडियम गमावते आणि तिचे पॅलॅगोनाइट बनते. सुटलेल्या द्रव्यांपासून झिओलाइटादी खनिजे तयार होऊन कणांमधील पोकळ्या सांधतात. म्हणजे येथे रासायनिक बदलाने खडक दुबळा न होता बळकट झाला! १९७९ साली घेतलेल्या १८१ मीटर खोल विवरात तापमान १४१ अंश सेल्सिअसपर्यंत आढळले. ही उष्णता हवेची नव्हे, भूगर्भाची होय.

कोकणातील जांभा उष्ण व दमट हवामानामुळे बनतो. पॅलॅगोनाइट पाहून मात्र हवामानाचा असा निष्कर्ष काढता येणार नाही. त्याला विदारण म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणू नये. तो जलतापीय बदल होय. लाटांना मात्र नावाशी कर्तव्य नाही. जेथे उष्णता पोचली नाही तेथील राख सुटीच राहिली व वाहून जात आहे. लाव्ह्याचा कडा क्रमाने मागे हटत आहे; शेवटी टफचा गाभा तेवढा, शेजारच्या जुन्या बेटांप्रमाणे, उभ्या कड्यांच्या सुळक्याच्या रूपाने उरेल असा अभ्यासकांचा अंदाज आहे.