कपाटातल्या लेन्सा पुन्हा कामाला

बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या फोटो स्टुडिओचं कपाट उघडायला लावा. निगेटिव्हच्या पाकिटांमागे, कातडी केसमध्ये, एखादा पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-१०, याशिका नाहीतर रशियन झेनिट निघण्याची शक्यता दाट. रोल धुणाऱ्या लॅब बंद पडल्या आणि हे कॅमेरे बसून राहिले. त्यांच्या तोंडावरची लेन्स मात्र धडधाकट होती. तिला काम देणारं कोणी नव्हतं. ते काम छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांनी दिलं. मालक म्हणतात, ‘न्या की, भंगारातच घालणार होतो.’ हौशी पोरं म्हणतात, ‘जुन्या लेन्सची मजाच वेगळी.’ दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. ही लेन्स काही कामांत महागड्या नव्या लेन्सच्या तोडीस उतरते, काही कामांत तोंडघशी पाडते. कुठे काय, हे आपल्याकडचा पाऊस, धूळ आणि भंडारा हिशेबात धरल्याशिवाय ठरत नाही.

आरसा गेला, जागा झाली

रोलच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. फोटो काढताना तो वर उचलला जाई, म्हणून लेन्स फिल्मपासून बरीच पुढे बसवावी लागे. झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या एम-४२ आट्यांच्या लेन्सला हे अंतर ४५.४६ मिलिमीटर लागतं, निकॉनच्या एफ माउंटला ४६.५, मिनोल्टाला ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीला ४२. २००८ साली पॅनासॉनिकचा जी-१ आला, २०१० मध्ये सोनीचे एनईएक्स आले आणि २०१३ मध्ये रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला सोनी ए-७. आरसाच नाही म्हटल्यावर सोनीच्या ई माउंटला १८ मिलिमीटर पुरले, फुजीला १७.७. उरलेल्या जागेएवढी पोकळ नळी मधे घातली की जुनी लेन्स जिथे हवी तिथे बसते. अ‍ॅडॉप्टर तो हाच. साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये ना काच, ना तार.

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर ही सोय सरसकट नव्हती. कॅननच्या ईओएसला ४४ मिलिमीटर लागतात. त्यामुळे त्याच कंपनीची एफडी लेन्स मधे जादा भिंग घातल्याशिवाय दूरचं टिपत नसे. एफडी आणि मिनोल्टाच्या लेन्सा त्यामुळे वर्षानुवर्षं पडून होत्या. मिररलेसचा सगळ्यात मोठा फायदा त्यांना झाला.

लेथवरचं काम

अ‍ॅडॉप्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पण खरी गोम त्याच्या जाडीत असते. एम-४२ लेन्स सोनीवर लावायची तर नळी २७.४६ मिलिमीटरची हवी. ती दशांश मिलिमीटरने जाड झाली, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस २५ मीटरपर्यंत जाऊन अडतो. जवळचा चेहरा लख्ख येतो, पण तवंदी घाटातून समोरचे डोंगर टिपायला जावं तर रिंग शेवटपर्यंत फिरवूनही ते मऊच राहतात. २८ मिलिमीटरच्या लेन्सला हीच चूक आठ मीटरवर अडवते. म्हणून बरेच कारखानदार नळी मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग दूरचं मिळतं, पण लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे पडतात.

असल्या कामाला बेळगावसारखं गाव नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत व्हर्नियर आणि मायक्रोमीटर रोजच्या वापरातले. पितळी रिंग घासून बसवणं, झिजलेला आटा नव्याने पाडणं हे टर्नरच्या हातचं काम आहे. ही परंपराही आजची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे इथेच लोखंडी नांगर घडवला. निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली मूव्ही कॅमेराच तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ चित्रित केला. तो १९२० मध्ये पडद्यावर आला. जुनी मॅन्युअल लेन्स याच जातीची वस्तू आहे: काच, धातू, आटे आणि ग्रीस. फोकस जड झाला तर ती खोलता येते, जुनं ग्रीस पुसून नवं भरता येतं. आतली मोटर आणि सर्किट गेलेल्या ऑटोफोकस लेन्सला सुटा भाग मिळाला नाही, तर चांगला कारागीरही हात टेकतो.

चौकट आखडते

सोनी, फुजीच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स रोलच्या कॅमेऱ्यावरच्या ७५ सारखी दिसते. पॅनासॉनिक, ऑलिंपसच्या मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी. म्हणजे घरोघरची ‘नॉर्मल’ लेन्स आता पोर्ट्रेटची झाली. नॉर्मल हवी तर २८ शोधावी लागते आणि खरी वाइड या जुन्या साठ्यात जवळपास नाहीच. खडेबाजारातली दुकानांची रांग किंवा किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती आतून टिपायची असेल तर नवी वाइड लेन्सच बरी.

पोर्ट्रेटला मात्र या लेन्सा चोख. झेनिटबरोबर येणारी हेलिओस ४४ ही ५८ मिलिमीटर, एफ-२ ची लेन्स मूळच्या झाइस बायोटारच्या आराखड्यावर बेतलेली. माणूस उसाच्या फडापुढे उभा करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या पात्यांतून झिरपणारा उजेड चेहऱ्याभोवती गरगरल्यासारखा दिसतो. शास्त्राच्या दृष्टीने तो भिंगाचा दोष आहे. पण तो कुठे दिसेल आणि कुठे लपेल हे माहीत असलेल्याला त्याचा उपयोग करता येतो. एफ-५.६ वर तीच लेन्स साधी, शार्प आणि शहाण्यासारखी वागते.

यात्रेत, वखारीत, मांडवात

चिंचलीच्या मायाक्काची किंवा आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची यात्रा घ्या. भंडारा उधळला की हवाच पिवळी होते आणि ऑटोफोकस समोरच्या धुरळ्यावर अडखळू लागतो. अशा वेळी जुना उपाय चालतो. २८ मिलिमीटरची लेन्स तीन मीटरवर लावा, अ‍ॅपर्चर एफ-८. साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं नीट येतं. मग फोकसला हात न लावता फक्त क्षण पकडायचा. एक पथ्य पाळावं: लेन्सवरच्या खुणा रोलच्या चौकटीसाठी कोरलेल्या आहेत, म्हणून एपीएस-सीवर एफ-८ ला काम करताना एफ-५.६ च्या खुणांवर विश्वास ठेवावा. घरी आल्यावर ब्लोअरने भंडारा उडवल्याशिवाय फोकस रिंग फिरवू नये. हळदीची पूड ग्रीसमध्ये गेली की आटे करकरतात.

हाताने फोकस लावण्याचा धडा निपाणीच्या तंबाखूनेच दिला आहे. वखारींतल्या कामगार बायकांच्या लढ्यावर ‘युगांतर’ गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचं, कॅमेरा नवरोज काँट्रॅक्टर यांचा. १६ मिलिमीटर फिल्मवर काम करताना फोकस हातानेच लावावा लागे. माणसं ओळखीची झाली, त्यांच्या कामाची लय कळली, की हात कुठे फिरवायचा हे आधीच ठाऊक असतं. त्या जातीच्या कॅमेऱ्यांच्या सी-माउंट लेन्सा आजही मायक्रो फोर थर्ड्सवर लागतात, फक्त पुष्कळांचे कोपरे काळे येतात. त्या लहान चौकटीसाठीच घडवल्या होत्या.

लग्नाच्या मांडवात मात्र ही हौस नको. अक्षता पडल्यावर माळ घालायला किती क्षण लागतात? डोळा ओळखून धरणारा आजचा ऑटोफोकस तिथे हवाच, कारण गिऱ्हाइकाला ‘पुन्हा एकदा घाला’ म्हणता येत नाही. गणपती विसर्जनाच्या रात्रीही जपावं. कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंग रोषणाईच्या माळांनाच फोकस समजतं. तिथे चित्र मोठं करून डोळ्यांनी बघणंच खरं. शिवाय जुन्या काचेवरचं कोटिंग साधं असतं. समोरून हॅलोजन आला की चित्र धुरकटतं, म्हणून हूड लागतोच. कॅमेऱ्यात दोन गोष्टी आधी कराव्यात: ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं आणि स्टॅबिलायझरला लेन्सवर छापलेला आकडा द्यावा, ५० असेल तर ५०, ७५ नव्हे.

खरा शत्रू

बेळगावचा पावसाळा माणसाला मानवतो, लेन्सला नाही. जूनपासून हवा ओली असते, खानापूरकडे तर कपडे वाळत नाहीत. भिंगांच्या मधे बुरशीचे धागे धरतात. सुरुवातीला ते पुसता येतात. उशीर झाला की त्यांच्या आम्लाने कोटिंग आणि काच खाल्ली जाते आणि तो डाग जन्माचा. यात सगळ्यात घातक ती कातडी केस, कारण कातडं ओल धरून ठेवतं. केस शोकेसमध्ये ठेवावी. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या मधूनमधून तापवून पुन्हा वापराव्यात.

विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारावा. धागे, धुकं, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरचं तेल तिथल्या तिथे दिसतं. चार कण धुळीचे असले तर सौदा मोडू नये, चित्रात ते येत नाहीत. पेंटॅक्सच्या काही जुन्या टाकुमार लेन्सांची काच थोरियममुळे पिवळी पडलेली असते. खिडकीतल्या उन्हात काही आठवडे ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. निकॉनच्या ‘जी’ लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंगच नाही, तिला अ‍ॅडॉप्टरही तसाच खास लागतो.

तेव्हा सुरुवात करायची तर एका स्वच्छ ५० मिलिमीटरपासून करावी, अ‍ॅडॉप्टर चांगला घ्यावा आणि उरलेले पैसे ती खोलून साफ करणाऱ्या कारागिराला द्यावेत. लेन्सा अजून पुष्कळ आहेत. त्या खोलून पुन्हा तशाच बसवणारे हात मात्र म्हातारे होत चाललेत आणि त्यांच्याकडे शिकायला कोणी बसत नाही. उद्यमबागेत मायक्रोमीटर धरणाऱ्या एखाद्या तरुणाने हे काम अंगावर घेतलं, तर सीमाभागातली कपाटं आणखी तीस वर्षं फोटो देतील. नाही घेतलं, तर टॉर्चमधून दिसणारे धागे दर पावसाळ्यात थोडे थोडे वाढत जातील आणि मग मालकाचा भंगाराचा हिशेबच बरोबर ठरेल.