शाई, कुंचला आणि ठेका

व्हिडिओ गेम म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांच्या कपाळाला आठी पडते. पण आजचा खेळ सुलेखनाचा आहे. नाव 'मोजिब रिबन'. तो २००३ साली जपानमध्ये प्लेस्टेशन २ साठी निघाला. कर्ते मासाया मात्सुउरा, मुळात संगीतकार; १९९६ चा 'पॅराप्पा द रॅपर' त्यांचाच.

'मोजि' म्हणजे अक्षर. पडद्यावर शाईचित्राचा देखावा, आणि यंत्राचा आवाज रॅप म्हणत असतो. अक्षर ज्या ठोक्यावर उच्चारलं जातं, त्याच ठोक्यावर ते लिहायचं. काडी खाली ओढली की अक्षर उमटतं, वर नेली की कुंचला शाईत बुडतो. गाणाऱ्याने दोन ओळींमध्ये श्वास घ्यावा, तशी शाई घ्यायची.

हे जमतं ते जपानी भाषेच्या घडणीमुळे. तिथल्या उच्चारदर्शक अक्षरांना 'काना' म्हणतात (आपल्या काना-मात्रेशी संबंध नाही). साधारणपणे एक काना, एक ठोका. 'निप्पोन' आपण दोन अक्षरांत उरकतो. जपानी माणूस चार ठोके मोजतो: नि, मग 'प'आधीचा थबका, पो, आणि न्. त्या थबक्यालाही लिपीत स्वतंत्र छोटं अक्षर आहे. कवायत केलेल्यांना हे चटकन पटेल. 'दाहिने' आणि 'मुड' यांच्यामधली शांतता हाही हुकुमाचाच भाग असतो. ती चुकली की अख्खी रांग विस्कटते. हायकूतले ५-७-५ हेही याच मापाने मोजतात. आपल्या मात्रावृत्तात गुरूला दोन मात्रा मिळतात. तिथे दीर्घ स्वर म्हणजे सरळ दोन ठोके.

आता शाईचं. काजळी आणि सरस यांची कांडी पाण्यासोबत दगडावर उगाळून ती करतात. 'शोदो' म्हणजे जपानी सुलेखनात ओढलेली रेघ पुन्हा गिरवत नाहीत. शाई सरत आली की रेघ फाटते, मधून कागद दिसतो. त्याला 'कासुरे' म्हणतात, आणि जाणकार त्यालाच दाद देतात.

जपानी वळण म्हणून चेरीची फुलं आणि पंखे चिकटवणारे खेळ पुष्कळ आहेत. मला ते लग्नाच्या मांडवासारखे वाटतात. इथे मात्र कला खेळणाऱ्याच्या हातात येते. म्हणूनच बहुधा हा खेळ जपानबाहेर निघाला नाही. शब्द इंग्रजीत आणले, की अक्षर आणि ठोका यांची जोडीच तुटते. मग कुंचल्याने लिहायचं काय? जपानी खेळाडूला मात्र स्वतःचा मजकूर भरता येत असे, आणि यंत्र तोही ठेक्यात म्हणून दाखवी.