क्रीडोपचारकाची आंतरराज्य अनुज्ञप्ती : संज्ञा आणि संहिता

'ॲथलेटिक ट्रेनर' या अमेरिकी संज्ञेला मराठीत सरळ प्रतिशब्द नाही. 'प्रशिक्षक' म्हटले की खेळ शिकवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तालमीतला वस्ताद डाव शिकवतो, खुराक ठरवतो आणि प्रसंगी निखळलेला खांदाही बसवतो. त्यामुळे आशयाच्या दृष्टीने तो शब्द अधिक जवळचा वाटतो. परंतु वस्तादाचा अधिकार परंपरेतून येतो. कोल्हापूरचा वस्ताद बेळगावच्या तालमीत गेला तर त्याच्याकडे कोणी दाखला मागत नाही. याउलट ॲथलेटिक ट्रेनर हा दुखापत टाळणे, मैदानावर तातडीचा उपचार करणे आणि खेळाडूला पुन्हा उभे करणे या कामांसाठी अनुज्ञप्ती घेतलेला आरोग्य-व्यावसायिक असतो. प्रस्तुत लेखात त्याला 'क्रीडोपचारक' म्हटले आहे. त्याची अनुज्ञप्ती राज्याच्या सीमेशी पोहोचल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न वरवर केवळ विधिशास्त्राचा वाटतो. वस्तुतः एखादी संहिता एका अधिकारक्षेत्रातून दुसऱ्यात कशी नेली जाते, असाही तो आहे.

अमेरिकेत ही अनुज्ञप्ती राज्ये देतात. टेक्सासने 1971 साली तिला आरंभ केला. कॅलिफोर्नियाने मात्र दीर्घकाळ असे नियमन केलेच नाही. संघ तर हंगामभर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरत असतो. या अडचणीवर तेथे दोन प्रकारचे उपाय पुढे आले. पहिला आंतरराज्य कराराचा. यात सहभागी होणाऱ्या प्रत्येक राज्याचे विधिमंडळ जवळजवळ एकच मसुदा स्वतःचा कायदा म्हणून संमत करते. परिचारिकांसाठी 2000 पासून आणि भौतिकोपचारकांसाठी 2018 पासून अशी व्यवस्था प्रत्यक्षात आली. एकच पाठ, पण कर्ते अनेक, अशी ही संहिता आहे. दुसरा उपाय 2018 च्या संघीय कायद्याचा. संघासोबत परराज्यात गेलेल्या क्रीडोपचारकाने तेथे दिलेली सेवा, विमा आणि व्यावसायिक दायित्वापुरती, त्याच्या स्वतःच्या राज्यातच दिली असे हा कायदा मानतो. घडले एकीकडे, मानायचे दुसरीकडे! कल्पिताचा अभ्यास करणाऱ्यांना याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

भारतात राज्याराज्यांतील असे करार नाहीत. त्यामागील कारण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सापडते. वैद्यकीय व इतर व्यवसाय हा विषय समवर्ती सूचीतील 26 व्या नोंदीत आहे, तर खेळ हा राज्य सूचीतील 33 व्या नोंदीत. ही 33 वी नोंद रंगभूमी, नाट्यप्रयोग, चित्रपट, खेळ आणि करमणूक यांना एकाच ओळीत बसवते. (साहित्याच्या अभ्यासकाने ती एकदा मुळातून वाचावी.) क्रीडोपचारक या दोन नोंदींच्या मधल्या जागेत उभा आहे : उपचार म्हणून तो एका सूचीत जातो, मैदान म्हणून दुसऱ्या.

ही मधली जागा बंगळुरात स्पष्ट दिसते. राष्ट्रीय क्रिकेट अकादमी 2000 साली येथे सुरू झाली. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण केंद्रही येथेच आहे. दुखावलेले खेळाडू अनेक राज्यांतून येतात, आणि त्यांच्यावर उपचार करणारेही. महाराष्ट्राने 2002 च्या अधिनियमान्वये व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषद स्थापन करण्याची तरतूद केली आणि उपचार करणाऱ्या व्यक्तीचे नाव नोंदवहीत आणले. कर्नाटकाने 2007 च्या खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियमात भौतिकोपचार केंद्राचा समावेश केला, म्हणजे ज्या जागेत उपचार होतो तिची नोंद केली. एका राज्याने माणूस नोंदवला, दुसऱ्याने जागा. त्यामुळे पुण्याहून बंगळुरास गेलेल्या भौतिकोपचारकाच्या नोंदणीला तेथे समांतर असे काही नव्हते. नोंद अमान्य झाली असे नव्हे. ती ज्या व्याकरणात लिहिली होती ते व्याकरणच पलीकडे नव्हते. आणि क्रीडांगण ही तर आस्थापनाही नव्हे.

संसदेने 2021 मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियम केला. राज्य परिषदा, त्यांच्या नोंदवह्या आणि एक केंद्रीय नोंदवही अशी त्याची रचना आहे. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. अधिनियमाच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा वर्ग असून त्यांत भौतिकोपचार हा स्वतंत्र वर्ग आहे. भौतिकोपचाराची पदवी घेऊन खेळाडूंकडे वळलेल्या व्यक्तीला या वर्गाचा आधार मिळतो. मात्र शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञान शिकून तेच काम करणारी व्यक्ती या वर्गाबाहेर राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी उणीव करारांची नाही, नामनिर्देशाची आहे. ज्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही, त्याची अनुज्ञप्ती सीमेवर अडत नाही, कारण अडवण्याजोगे काही हातात नसते. याची झळ खेळाडूला बसते. कंठीरव मैदानावर चुकीच्या हाताळणीने एखाद्या धावपटूचा स्नायू कायमचा दुखावला, तर आपल्या राज्यात परतलेल्या त्या धावपटूने तक्रार कोणत्या परिषदेकडे, आणि कोणत्या पदनामाच्या व्यक्तीविरुद्ध करायची?