रेल्वेचा डबा : भागिले सत्त्याऐंशी

आमच्या जाफराबादला रेल्वे नाही. एस.टी.ने जालना गाठावे तेव्हा रूळ दिसतो. तरीही आमच्या वस्तीतल्या मुलांना रेल्वेचा डबा परका नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना जनरल डब्यात आईच्या मांडीवर, सामानाच्या फळीवर, नाहीतर दाराशी बसून त्यांनी रात्रीच्या रात्री काढल्या आहेत. डबा आतून त्यांना पाठ आहे. तो खालून कसा दिसतो, कशावर उभा असतो, वळणावर का उलटत नाही, हे मात्र त्यांनी पाहिलेले नसते. त्या गर्दीत वाकून कोण बघणार?

यंदाच्या उन्हाळी सुटीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी विहारात मुलांकडून रेल्वेचा प्रवासी डबा करून घेतला. ते खेळणे नव्हे, मापात बसवलेली प्रतिकृती आहे. "हे परीक्षेत येतं का?" असे दोन-तीन पालकांनी विचारलेच. येते. गुणोत्तर-प्रमाण ते हेच.

परदेशात हा छंद फार जुना आहे. तिथे डब्याचे सगळे भाग सुटे करून खोक्यात मिळतात. त्याला किट म्हणतात. तळ, दोन बाजू, दोन टोके, छप्पर, चाके, खिडक्यांची पारदर्शक पट्टी आणि एक सूचनापत्रक. बाकी काम घेणाऱ्याचे. ब्रिटनमध्ये १९५८ पासून 'किटमास्टर' नावाने इंजिनांचे आणि डब्यांचे प्लॅस्टिकचे संच निघत. ती कंपनी चार-पाच वर्षांतच थांबली आणि तिचे साचे 'एअरफिक्स'कडे गेले. अमेरिकेत 'अथर्न'चे निळ्या खोक्यातले संच इतके खपले की त्या खोक्याचा रंगच त्यांचे नाव होऊन बसला. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांना पाहता येते. पुण्याला लग्नाकार्याला गेलात तर मुलांना तिथे जरूर न्या. पण परदेशी किटांच्या किमती आमच्या मुलांच्या आवाक्यातल्या नाहीत, आणि त्यातला डबाही आपला नसतो. म्हणून आम्ही किट घरीच केले. लग्नपत्रिका, कॅलेंडरमागचा पुठ्ठा, शर्टाच्या खोक्यावरची पारदर्शक पट्टी, फेविकॉल आणि एक चांगली पोलादी पट्टी. कात्री नको, पेपर कटरच हवा, आणि तो मोठ्या माणसाच्या हातात.

आता मापाचे. या छंदात सर्वात जास्त चालणारे प्रमाण 'एचओ' म्हणजे १:८७. खऱ्या डब्याचे प्रत्येक माप ८७ ने भागायचे. आपण ज्यात बसत आलो तो डबा मद्रासजवळच्या पेरांबूर इथल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, म्हणजे आयसीएफचा. हा कारखाना १९५५ मध्ये स्विस कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा तिथून जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला, पण असे डबे अजून रुळांवर दिसतात. त्याची लांबी २१,३३७ मिलिमीटर, म्हणजे आमची २४५. रुंदी ३,२४५, म्हणजे आमची ३७. रुळापासून छपराची उंची ४,०२५, म्हणजे आमची ४६. चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे, त्याचे झाले साडेदहा. सातवीतल्या एका मुलीने हा आकडा काढला, पट्टी भावाच्या सदऱ्याला लावली आणि म्हणाली, "काका, हे तर बटण!" खरेच, शर्टाचे बटण साधारण दहा-अकरा मिलिमीटरचे असते. चाकांचा प्रश्न आठ बटणांत सुटला. चाक रुळावरून घसरू नये म्हणून आतल्या बाजूला कड असते, ती प्रत्येक बटणामागे पुठ्ठ्याची थोडी मोठी चकती चिकटवून केली. आस म्हणून उदबत्तीची काडी.

रुळांचा हिशेब आणखी गमतीचा निघाला. बाजारातला एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरवरून काढलेला आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ ची. भागिले ८७ केले तर सव्वाएकोणीस येतात. विकतच्या रुळावर आपला डबा ठेवला तर पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. बांबूच्या कामट्यांचे रूळ आणि काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर करणाऱ्यावर साडेसोळाची सक्ती नाही, त्यामुळे आमच्या विहारातली ब्रॉडगेज अस्सल सव्वाएकोणीस मिलिमीटरची आहे. जालन्याची लाइन १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होती. १,००० मिलिमीटरचे साडेअकरा होतात. मुलांनी हौसेने तिचाही वीतभर तुकडा शेजारी मांडला. आजोबा-आजी कोणत्या गाडीने जात, हे त्यांना तिथे एका नजरेत कळले.

बांधणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाजू, त्याही सपाट असताना. खिडक्या कापायच्या, रंग द्यायचा, वाळू द्यायचे आणि मगच मागून पारदर्शक पट्टी लावायची. उलट केले तर काचेवर रंग येतो. जनरल डब्याच्या खिडक्यांना आडव्या सळ्या असतात, त्यासाठी काळा दोरा ताणून चिकटवला. फेविकॉल ओला असताना पुठ्ठा वाकतो, म्हणून बाजू रात्रभर वजनाखाली ठेवाव्या लागतात. आम्ही त्या जुन्या शालेय गाइडांच्या थप्पीखाली ठेवल्या. गाइडांचा याहून चांगला उपयोग आमच्या पाहण्यात नाही. कोपरे गुण्या लावूनच जुळवायचे. एक कोपरा केसभर चुकला तर समोरच्या टोकाला छप्पर बसत नाही. छपराखाली गोलाईच्या पाच कमानी दिल्या आणि छप्पर चिकटवले नाही. ते उचलून आत पाहता आले पाहिजे.

डबा हलका झाला तर तो रुळावर नाचतो. अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेने यासाठी एक सूत्र ठरवून दिले आहे : मूळ एक औंस आणि डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आमच्या डब्याला ते सुमारे १६५ ग्रॅम पडते. गॅरेजवाल्याकडून नट आणि वायसर आणून मुलांनी ते किराणा दुकानातल्या काट्यावर मोजले आणि तळाशी चिकटवले. वजन खाली असले की डबा स्थिर राहतो. खऱ्या डब्याचेही हेच आहे, म्हणून तर त्याच्या बॅटऱ्या आणि ब्रेकची यंत्रणा तळाखाली टांगलेली असते. रंगाचा प्रश्न आला तेव्हा मुलांनी एकमताने निळा निवडला. कारण वेगळे सांगायला नको. रेल्वेनेही विटकरी रंग सोडून डब्यांना पुढे निळाच दिला होता, तेव्हा इतिहासाचीही हरकत नव्हती.

मग माणसे. १६५ सेंटिमीटरचा माणूस ८७ ने भागला की १९ मिलिमीटरचा होतो. आयसीएफच्या जनरल डब्यात ९० जणांच्या बसण्याची सोय आहे. ९० माणसे मुलांनी दोन दिवसांत कापली. बायकांना पांढऱ्या साड्या, कारण ही गाडी दीक्षाभूमीला चालली होती. आम्हाला वाटले, झाले. पण त्याच सातवीतल्या मुलीने हरकत घेतली : "काका, सगळं मापात करायचं म्हणता, मग गर्दी पण मापात पाहिजे." आणि तिने उभी माणसे, फळीवरची माणसे, दारातली माणसे कापायला घेतली. सव्वाशेनंतर दार लागेना. तेव्हा कुठे तिला डबा खरा वाटला.

डबा पुरा झाल्यावर वस्तीतली वडीलधारी मंडळी पाहायला आली. त्यात एक निवृत्त गँगमन होते. त्यांनी डबा हातात घेतला, आत पाहिले नाही, सरळ उलटा केला. तळ पाहून म्हणाले, "अन् ह्याचं नळकांडं कुठंय?" मुलांना कळेना. म्हातारबाबांनी सांगितले, संडासाखाली नळकांडे असते आणि ते रुळावर उघडते. "गाडी यायची तवा आम्ही बाजूला व्हायचो, अन् तोंड फिरवून उभं ऱ्हायाचो." ते इतकेच बोलले. मुले गप्प झाली. ज्यांनी डब्यातून प्रवास केला होता त्यांना ते नळकांडे कधी दिसले नव्हते, आणि ज्यांना रोज दिसे ते डब्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलांनी चार नळकांडी बसवली, दोन्ही टोकांना दोन-दोन. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा १९९३ मध्ये झाला, तरी रेल्वे रुळांवर ते काम चालूच राहिले. २०१३ च्या कायद्याने सफाईच्या जागांमध्ये रेल्वे रूळ स्पष्ट शब्दांत घातला. डी.आर.डी.ओ.च्या मदतीने तयार झालेली जैव शौचालये पुढच्या काही वर्षांत डब्यांना बसली. त्यात तळाखाली एक बंद टाकी असते आणि तिच्यातले जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करून टाकतात. हे तंत्र इतके अवघड होते का, की त्याला दीडशे वर्षे लागावीत? खाली उभे राहणारे कोण होते, यातच त्याचे उत्तर आहे असे आम्हाला वाटते.

याच ठिकाणी आम्ही मुलांना मनमाड सांगितले. जालन्याहून मुंबईला जाताना लागते तेच मनमाड. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच मांडले, तेवढे आपल्याकडे सगळे सांगतात. त्याच भाषणातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि त्या घरात त्याचा विटाळ होतो. रेल्वेच्या कारखान्यात तो कारागीर होत नाही, फोरमन तर क्वचितच, तो कुलीच राहतो. बाबासाहेबांनी हे अगदी हुद्द्यांची नावे घेऊन सांगितले होते. रूळ आमच्या खांद्यावरून गेला, पण ज्या कारखान्यात डबा जुळतो तिथे हत्यार आमच्या हाती दिले नाही, असा त्याचा अर्थ.

आणि १९०१ चे मसूर स्टेशनही सांगितले. लहानगे भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले होते. नवे कपडे, पहिलाच रेल्वेप्रवास. गाडीतून उतरेपर्यंत ती मुले आनंदात होती. फलाटावर स्टेशन मास्तरने जात विचारली आणि पुढचा सगळा प्रवास तहानेचा झाला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहिले आहे. घरी मोठ्याने वाचून दाखवावे असे ते पान आहे.

विहारात पंचशील-वंदना व्हावी, तिथे पुठ्ठा आणि फेविकॉल कशाला, असे काही जुन्या मंडळींचे म्हणणे पडले. आम्हाला ते पटत नाही. नववीतला एक मुलगा गणितात कायम मागे असे. बोगीच्या दोन चाकांमधले अंतर २,८९६ मिलिमीटर, ते त्याने कागद न घेता 'तेहतीसला थोडं जास्त' असे सांगितले. त्याला आता आय.टी.आय.ला फिटर व्हायचे आहे. लातूरला मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी उभी आहे. तिची पायाभरणी ३१ मार्च २०१८ ला झाली आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पेरांबूर लांब होते, लातूर आपल्या मराठवाड्यात आहे. तिथे नोकरी लागेलच असे कोणी सांगू नये, कंत्राटदारीच्या दिवसांत तर नाहीच. पण बोगी म्हणजे काय हे त्याला मुलाखतीत पहिल्यांदा ऐकावे लागणार नाही.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो शेजारच्या भोकरदनवरून अजिंठ्याकडे जायचा आहे. मुलांनी कामट्यांचे रूळ त्या दिशेने वाढवायला घेतले आहेत, आणि अजिंठ्याच्या डोंगरासाठी शाडू माती आणून ठेवली आहे.

सध्या दुसरा डबा चालू आहे, नव्या एलएचबी पद्धतीचा. खरी लांबी २३,५४० मिलिमीटर, म्हणजे आमची साडेदोनशेवर वीस. कॅलेंडरचा पुठ्ठा तेवढा लांब नाही, त्यामुळे जोड खिडकीवर घ्यावा की दारावर यावर दोन तट पडले आहेत. तळाखालच्या चार टाक्या मात्र आधीच तयार आहेत. म्हातारबाबा रोज संध्याकाळी येऊन त्या पालथ्या करून पाहतात आणि कुठे फट राहिली असेल तिथे बोट ठेवतात.