निरोप पोचला का?

१९९८ साली आम्ही पुण्यात होतो. ह्यांच्या कमरेला पेजर असायचा. सासूबाईंना रात्री दवाखान्यात नेलं, तेव्हा मी ऑपरेटरला तीनदा निरोप सांगितला. हे आले सकाळी. म्हणाले, "निरोप आलाच नाही." मला काही ते पटलं नाही.

गेल्या वर्षी जर्मनीत आखेनला लेकीकडे गेले, तर तिच्या टेबलावर पेजर! तिला हौशी रेडिओचा नाद. परवानाही काढलाय. तिथल्या विद्यापीठातल्या हौशी मंडळींनी 'डॅपनेट' हे पेजरचं जाळं उभारलंय.

"निरोप इंटरनेटवरून ट्रान्समीटरकडे येतो," ती सांगू लागली. "इथले ट्रान्समीटर ४३९.९८७५ मेगाहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. शेजारचे दोघे एकदम बोलले तर गोंधळ, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाळी आली की तो आधी पेजरचा नंबर पुकारतो, मग निरोप. आपला नंबर ऐकला की पेजर वाजतो."

"आणि पोचला हे कसं कळतं?"

"नाही कळत गं आई. पेजर फक्त ऐकतो, उलट बोलत नाही. तो तळघरात असला, लहर पोचली नाही, तर निरोप गेलाच."

मैत्रिणींनो, त्याच रात्री ह्यांना फोन लावला. म्हटलं, "तेव्हा तुम्ही खरंच सांगत असाल हो."