जालना टू वानखेडे: ९१ नॉट आऊट

साडेचारशे रन्स ठोकणं भारी, की नव्वदीत उभं राहून टीमला जिंकवून देणं? जालन्याच्या एका पोरानं दोन्ही केलं. पण खरी प्रगती कशात दिसते?

परतूर स्टेशनबाहेर चहा घेत उभी होते. एका स्टोरीचं काम आटपलं होतं आणि परतीच्या गाडीला अजून वेळ होता. समोरच्या मोकळ्या जागेत पोरांची टेनिस बॉलवर मॅच रंगलेली. विटांचे स्टंप, सगळ्यांत मिळून एकच बॅट, आणि आऊट की नॉट आऊट यावरून जाम राडा! मी पुण्याहून आलेय कळल्यावर त्यातल्या एकानं माझी परीक्षाच घेतली. विजय झोल माहितंय का? मी तोंड उघडायच्या आत त्यानंच आकडा सांगून टाकला: साडेचारशे. आपल्या जालना जिल्ह्यातलाच आहे, ही माहिती वर फुकट.

आकडा खरा आहे. खरं तर एक रन जास्तच. २०११ च्या अखेरीस अंडर-१९ च्या कूचबिहार ट्रॉफीत महाराष्ट्राकडून खेळताना जालन्याच्या विजय झोलनं आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. वय वर्षं १७! तुम्ही-आम्ही त्या वयात बारावीच्या क्लासची फी आणि बाईकचा हट्ट यात अडकलेलो असतो.

मॅच ज्युनियरची होती, मान्य. पण महाराष्ट्राला असे आकडे नवे नाहीत. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले होते. समोरच्या संघानं मॅच सोडून दिली आणि ते ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ धावा अलीकडे राहिले.

मोठ्या आकड्याचं टेन्शन

ऑफिसात हा अनुभव सगळ्यांनाच येतो. पहिल्याच वर्षी टार्गेट फोडलं, की बॉस पाठ थोपटतो आणि पुढच्या वर्षी तोच आकडा बेस धरतो! मग तुम्ही कितीही चांगलं काम करा, अप्रेझलच्या वेळी ते कमीच वाटतं. झोलच्या नावापुढे १७ व्या वर्षीच ४५१ चिकटले होते. आता पुढे काय? ५००?

त्याची पुढची वाटचाल वेगळीच निघाली. २०१२ मध्ये उन्मुक्त चंदच्या कॅप्टन्सीखाली भारतानं ऑस्ट्रेलियात अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकला, त्या टीममध्ये झोल होता. नंतर या संघाची कॅप्टन्सी त्याच्याकडेच आली. ४ जानेवारी २०१४ ला शारजात अंडर-१९ आशिया कपची फायनल झाली, समोर पाकिस्तान. झोलनं १०० केले, संजू सॅमसननंही १०० केले, आणि भारत ४० धावांनी जिंकला.

चार दिवसांत वानखेडे

आणि मग ती मॅच आली, ज्यासाठी हा सगळा लेख आहे. ८ जानेवारी २०१४, वानखेडे. रणजी ट्रॉफीची क्वार्टर फायनल, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र.

ज्यांना क्रिकेटमधला हा भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी: राज्य एकच, पण रणजीत टीम तीन. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, आणि जालना, परतूरसकट बराचसा उरलेला भाग पुण्याहून चालणाऱ्या महाराष्ट्र संघात. तेव्हा मुंबईच्या खात्यात ४० रणजी विजेतेपदं होती, ४० वं तर आदल्याच मोसमातलं. महाराष्ट्राच्या खात्यात फक्त दोन, १९३९-४० आणि १९४०-४१ ची. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातली!

मुंबईनं पहिल्या डावात ४०२ केले, महाराष्ट्र २८० वर संपला. पिछाडी १२२ ची. रणजीच्या नॉकआऊटमध्ये मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. म्हणजे महाराष्ट्राला ड्रॉचा काहीच उपयोग नव्हता. जिंका, नाहीतर घरी जा.

बॉलर्सनी दार उघडलं. मुंबई दुसऱ्या डावात १२९ वर गारद! जिंकायला हवे होते २५२. ऐकायला सोपं वाटतं. पण चौथ्या डावात, वापरून झालेल्या पिचवर, मुंबईच्या घरच्या मैदानावर? त्यात दोन विकेट्सही पडल्या.

आणि तिथून पुढे एकही पडली नाही. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. महाराष्ट्र आठ विकेट्सनी जिंकला आणि ४० वेळचा चॅम्पियन स्पर्धेबाहेर गेला.

शतक गेलं, मॅच आली

त्या स्कोअरकार्डकडे जरा नीट बघा. शतक केदारचं. झोल ९१ वर थांबला तो आऊट होऊन नाही, मॅच संपली म्हणून. साडेचारशेची सवय असलेल्या पोराला नऊ रन्स कमी पडले आणि त्यानं काही बिघडलं नाही. माझ्या मते प्रगती ती हीच. ४५१ बघून कळतं की हा किती मारू शकतो. ९१ बघून कळतं की टीमला किती हवेत हे त्याला समजलंय. पहिली गोष्ट टॅलेंटची आहे, दुसरी शिकावी लागते. १९ वर्षांच्या पोरानं ती पहिल्याच रणजी मोसमात करून दाखवली, तीही २८ वर्षांच्या सीनियरच्या जोडीनं.

ही बॅटिंग एका दिवसाची चमक नव्हती. केदारनं त्या मोसमात १,२२३ धावा केल्या, देशात सर्वाधिक. इंदूरला सेमी फायनलमध्ये बंगालला दहा विकेट्सनी हरवून महाराष्ट्र १९९२-९३ नंतर प्रथमच फायनलला पोचला. हैदराबादला कर्नाटकनं सात विकेट्सनी हरवलं, पण दोन्ही डावांत महाराष्ट्राचा स्कोअर तीनशेच्या वर होता.

आणि पुढे?

फिल्मी शेवट हवा असेल तर सॉरी. त्याच वर्षी झोलच्या कॅप्टन्सीखालचा संघ अंडर-१९ वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला इंग्लंडकडून हरला. त्या टीममधले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर आणि कुलदीप यादव पुढे सीनियर टीम इंडियात गेले. केदारला नोव्हेंबर २०१४ मध्ये वन-डे कॅप मिळाली. झोलला ती मिळाली नाही.

मग ते ९१ वाया गेले का? मला नाही वाटत. प्रमोशन आपल्या हातात नसतं हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार! त्या दिवशीचं काम त्या दिवशी पूर्ण करणं तेवढं हातात असतं.

गाडीची अनाउन्समेंट झाली. निघता निघता मी त्या पोराला ९१ ची गोष्ट सांगितली. त्याला काही पटलं नाही, साडेचारशे ते साडेचारशेच! पण परत बॅटिंगला गेल्यावर त्यानं पहिल्यांदा काय विचारलं माहितंय? जिंकायला किती हवेत?