पार्किंगमध्ये गाडी घासली? 'चूक माझी' लिहून देण्याआधी हे वाचा

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचा मोंढा, गाडी मागं घेताना दुसऱ्या गाडीला घासली की गर्दी जमते. मग 'चूक माझी, भरून देतो' असं लिहून घेतात. फसगत इथंच होते. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, अशी पॉलिसीतच अट असते. आधी दोन्ही गाड्यांचे नंबरसहित फोटो काढा, जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज मागा आणि कंपनीला लगेच कळवा.

फुल इन्शुरन्स आणि लायसन्स चालू असेल, तर चूक कुणाचीही असो, आपल्या गाडीचा क्लेम आपल्या कंपनीकडे करता येतो. नुसत्या थर्ड पार्टीत ते नाही. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १००० रुपये आपलेच. दोन हजाराच्या पोच्यासाठी हिशोब करूनच क्लेम करा.

कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. तिथं दाद नाही मिळाली, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही. समोरच्याच्या कंपनीकडून भरपाई हवी असेल तर मात्र लोकपाल नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण गाठावं लागतं. तो अर्ज सहा महिन्यांच्या आत केलेला बरा.